खिळा काढला. – शे.

कामरगावला बदलून आलो त्याच आठवड्यात भाड्याच्या घरातल्या पंख्याचं बटण रुसलं. मी पेचकस घेऊन स्टुलावर चढलो. खाली मंदा, म्हणजे आमची सौभाग्यवती, स्टूल धरायच्या निमित्तानं माझा पाय धरून उभी. "मेन बंद केला का?" असं तिनं तीनदा विचारलं आणि तिन्ही वेळा मी खाली उतरून खात्री करून आलो. मग झाकण सोडवलं. आत कोळ्याचं जाळं, पालीची दोन अंडी आणि एकाच रंगाच्या सगळ्या वायरी. लाकडी पेटी आतून कोरी.

मी चष्मा वर सारून पेटीच्या चारही बाजू पाहिल्या.

"काय शोधताय?" मंदानं विचारलं.

"वाचायला गेलो होतो. पण काही लिहिलंच नाहीये."

मंदा हसली नाही. म्हणाली, "इथं शेषरावभाऊ कधी आले नसतील ना."

आमच्या मालेगावात, म्हणजे वाशीम रस्त्यावरच्या तालुक्याच्या मालेगावात, ज्या घरातला बोर्ड उघडाल त्याच्या आत पेन्सिलीनं लिहिलेल्या ओळी सापडायच्या. वर तारीख, खाली काय बिघडलं होतं, काय केलं, आणि शेवटी एकच अक्षर: शे. कुलरच्या पत्र्याच्या आत, पाण्याच्या मोटारीच्या झाकणाखाली, दाराच्या चौकटीत कुलूप बसवलेल्या खाचेतसुद्धा. शेषराव इंगळे हा माणूस गावभर असा आतून लिहिलेला होता. बाहेरून त्याची एक पाटीही नव्हती.

आमच्या घरच्या पेटीतली ओळ मला पाठ आहे. "फ्यूजची तार नव्हती. बाबूसाहेबांनी खिळा लावला होता. खिळा काढला. – शे."

बाबूसाहेब म्हणजे मी. शाळेच्या कार्यालयात कारकून असल्यामुळे गावानं दिलेली ही पदवी. त्याचं झालं असं, की सासरे आले असताना फ्यूज उडाला, आणि सासऱ्यांसमोर "मला येतं" असं मी म्हणून बसलो. तार सापडेना, खिळा सापडला. पुढचे आठ महिने आमचा फ्यूज एकदाही उडाला नाही याचा मला केवढा अभिमान. शाळेत सांगायचो. मग एका दुपारी शेषराव मिक्सर बघायला आला, सवयीनं मेन उघडला, आणि नुसता उभा राहिला. पकडीनं खिळा ओढून काढला आणि माझ्या तळहातावर ठेवला.

"हा भिंतीले ठोका बाबूसाहेब. याच्यावर कॅलेंडर टांगा. याच्या भरोशावर लेकरं टांगू नका."

असं म्हणून त्यानं कानामागची पेन्सिल काढली.

"अहो, लिहायची काय गरज?"

"उद्या मी नसलो त पुढच्याले कळलं पाह्यजे, इथं काय झालतं. डॉक्टर लिवत नाई का?"

"पण माझं नाव?"

"पेशंटचं नाव लिवाच लागते."

तेव्हापासून घरी पाहुणे आले की मंदा आधी चहा द्यायची आणि मग बोर्ड उघडून दाखवायची.

शेषराव बुटका, काटक, पंचावन्नच्या आसपासचा. जुनी मोपेड, तिला आडवी बांधलेली शिडी, आणि शिडीला लटकलेला हातभर लांबीचा पांढरा पीव्हीसीचा पाइप, दोन्ही टोकांना टोपणं लावलेला. नवख्या माणसाला वाटायचं नळाचं सामान आहे. त्यात त्याची कागदपत्रं असत. आधार कार्डाची झेरॉक्स, घरपट्टीची पावती, दहावीची दुसऱ्या खेपेला मिळालेली गुणपत्रिका, सगळी सुरळी करून. कुठल्याही कचेरीत साहेबानं कागद मागितला की शेषराव टोपण फिरवून ओढायचा, फट्ट असा आवाज व्हायचा आणि साहेब खुर्चीत दचकायचा. "पुरात गेला तरी कागद कोरडा निंगते," तो समजावून सांगायचा. मालेगावात पूर कधी येतो ते मला माहीत नाही, पण शेषराव तयार होता.

"तात्पुरतं करून द्या" असं त्याला म्हणायची सोय नव्हती. "तात्पुरतं मी करत नाई. तात्पुरतं वीस वर्सं टिकते," हे ठरलेलं उत्तर. वैशाख पौर्णिमेला विहारावर रोषणाई तोच करायचा, आणि दोन दिवसांसाठी लावलेल्या माळांनासुद्धा अशा गाठी मारायचा की काढताना अर्धा दिवस जायचा.

आणि एक सवय. कुणाच्याही घरी आला की आधी पाण्याचा तांब्या मागायचा. तोंडाला लावायचा नाही. सरळ अंगणाच्या कोपऱ्यात, जिथं अर्थिंगचा खड्डा असतो, तिथं जाऊन ओतायचा. "पह्यलं याले पाजा," म्हणायचा, "मंग मले." आमच्या आईनं हे तीन-चारदा पाहिलं आणि तिचा समज झाला की हे काही दैवत आहे. तिनं रोज सकाळी तांब्याच्या गडव्यानं तिथं पाणी घालायला सुरुवात केली. मग जास्वंद वाहायला लागली. आळीतल्या आणखी दोघी येऊन पाणी घालून जायला लागल्या. एके दिवशी शेषराव आला, खड्ड्यावरची फुलं पाहिली, आणि आईपाशी उकिडवा बसला.

"आजी, फूल नोका वाहू. मीठ टाकत जा."

"मीठ? अरे, देवाले मीठ?"

"ह्या देवाले मीठच लागते."

आईनं शेवटपर्यंत पाणी आणि मूठभर मीठ घातलं. अख्ख्या आळीत आमच्या घराचं अर्थिंग सगळ्यात चांगलं होतं, असं शेषराव सांगायचा, आणि श्रेय माझ्याकडे चुकूनही जाऊ द्यायचा नाही.

तर असा हा माणूस तीस वर्षं विनापाटीचा होता. मग बसस्टँडजवळ त्याला पत्र्याचा एक गाळा मिळाला आणि कुणीतरी सांगितलं, आता गुमास्ता, म्हणजे दुकानाचा परवाना, काढावा लागेल. तो माझ्याकडे आला, कारण मी बाबूसाहेब, कागदातला माणूस. खरं सांगतो, गुमास्ता म्हणजे नेमकं काय हे मलाही ठाऊक नव्हतं. पण मी "हूं" केलं, गंभीर चेहरा केला आणि त्याला घेऊन पूनमच्या केंद्रात गेलो. पूनम ऑनलाइन अर्ज भरून देते. सगळं तिला येतं, मी शेजारी बसून मान हलवतो.

"कामगार किती काका?"

"मी."

"तुम्ही तर मालक."

"मंग कामगार कोन हाय? तोबी मीच."

"शून्य लिहिते," पूनम म्हणाली. "दहाच्या आत कामगार असले तर परवाना लागतच नाही. नुसती सूचना द्यायची, पावती मिळते. आता सांगा, व्यवसायाचं स्वरूप?"

शेषरावानं खुर्ची पुढं ओढली. त्याला वाटलं, कुणीतरी पहिल्यांदाच विचारतंय. "लाइट फिटिंग, मोटार, नळ, कुलर, मिक्सर, दाराची कडी, गॅसची शेगडी, शिलाई मशीन, देवघराचा दिवा, गिरणीचा पट्टा..."

"काका, यादीतलं एकच निवडता येते."

"हे सारं एकच त हाय. बिघडलेलं."

पूनमनं यादी वरून खाली फिरवली, खालून वर फिरवली. बिघडलेलं सापडेना. शेवटी हताश होऊन म्हणाली, "इतर टाकू?"

"इतर म्हंजे?"

"म्हणजे वरच्यांपैकी कोणीच नाही. उरलेलं सगळं."

शेषरावानं पडद्यावरचा तो शब्द न्याहाळला. मला वाटलं, दुखावला. पण त्याचा चेहरा उजळत गेला. "उरलेलं सारं," तो म्हणाला. "मंग बरोबर हाय. जे कोनीच करत नाई तेच माह्याकडे येते. टाक पोरी, इतर टाक."

पावती हातात आल्यावर तो जो निघाला, तो थेट पेंटरकडे. पाटी मराठीतच पाहिजे असा नियम आहे हे मी त्याला ऐटीत सांगितलं. तो म्हणाला, "दुसरी येतेच कोनाले?" दुसऱ्या दिवशी गाळ्यावर पाटी चढली: शेषराव इंगळे. सर्व दुरुस्ती व इतर.

मला परवान्यांची तेव्हा अशी काही चटक लागली की विचारू नका. नळजोडणी करायची तर नगरपंचायतीकडे वेगळी नोंद, उद्योगाची नोंद फुकटात घरबसल्या, व्यवसाय कर कोणाला आणि कोणाला नाही. रोज शाळेतून येताना एक नवा नियम घेऊन गाळ्यावर जायचो. शेषराव ऐकून घ्यायचा. "नळाले नगरपंचायत, धंद्याले सरकार. दाराच्या कडीले मात्र कोनी विचारत नाई. तिथं चोराचीच ना-हरकत लागत असन."

पण सगळ्यात मोठा नियम माझ्या लक्षातच आला नव्हता. तो घेऊन वीज कार्यालयात नव्यानं रुजू झालेल्या इंजिनिअर मॅडम आल्या.

नवीन मीटर पाहिजे असेल तर घराच्या फिटिंगचा टेस्ट रिपोर्ट जोडावा लागतो. त्यावर ठेकेदाराचा शिक्का आणि शेजारच्या चौकटीत काम करणाऱ्या तारतंत्र्याचं, म्हणजे वायरमनचं नाव, त्याचा परवाना क्रमांक. शेषरावाकडे परवाना नव्हता. वाशीमच्या एका ठेकेदाराचे रिपोर्ट यायचे, त्यावर कुणा भलत्याच तारतंत्र्याचं नाव असायचं, आणि घरं शेषराव करायचा. वर्षानुवर्षं असंच चाललं होतं. कुणाला त्यात वावगं वाटलं नाही, कारण काम चोख होतं.

मॅडमनी आमच्या शाळेच्या शिपायाचं नवं घर तपासलं. पेटी उघडली, वायरींचे रंग पाहिले, अर्थिंग मोजलं, आणि खूश होऊन विचारलं, "कुणी केलंय हे?"

"शेषरावभाऊनं," शिपाई अभिमानानं बोलला.

मॅडमनी हातातला कागद पाहिला. "मग हा कोण?"

तो कोण हे कुणालाच सांगता येईना. त्याला मालेगावात कुणी पाहिलंच नव्हतं. मॅडम शेषरावाला बाजूला घेऊन शांतपणे बोलल्या. "काका, तुमचं काम उत्तम आहे. म्हणूनच सांगते. पुढच्या वेळी कागदावर ज्याचं नाव असेल तो माणूस मला समोर उभा पाहिजे. परवाना काढा, नाहीतर वायरिंगला हात लावू नका. उद्या कुणाला शॉक लागला तर तुरुंगात तुम्ही जाल आणि कागदावरचा माणूस घरी बसेल."

शेषराव संध्याकाळी आमच्या ओट्यावर येऊन बसला. पाण्याचा तांब्या मागितला नाही, तेव्हाच मला धडकी भरली.

"मॅडम खोटं नाई बोलली," तो म्हणाला. "इतक्या घराईत उजेड पाडला म्या, अन कागदावर मी अंधारातच. एक डाव त्या चौकटीत माहं नाव पाह्यजे बाबूसाहेब. नाई त कुलर पुसत बसतो."

परवान्याची परीक्षा असते हे पूनमनं शोधलं. बसायला अट एकच अडचणीची: परवानाधारक ठेकेदाराकडे काम केल्याचा अनुभवाचा दाखला. मी म्हटलं, मग काय, ठेकेदार आपलाच. दोघं वाशीमला त्याच्या घरी गेलो. ठेकेदार वयस्क, सभ्य माणूस. त्यानं बसवलं, ऐकून घेतलं आणि मान हलवली.

"शेषराव, तुले नाई म्हणवत नाई. पण मी तुह्या नावानं दाखला देला की तू काम केलं असं होते. मंग त्या साऱ्या रिपोर्टावर ज्याचं नाव हाय, त्यानं काय केलं?"

"त्यानं काईच नाई केलं," शेषराव म्हणाला.

"तेच त मले लिवता येत नाई ना बापा."

शिवाय, ठेकेदार म्हणाला, पुरावा काय? म्हणजे शेषरावानं काम केल्याचा पुरावा असता तर ठेकेदाराचे रिपोर्ट खोटे पडले असते, आणि पुरावा नाही म्हणून खरं लिहिता येत नव्हतं. शाळेत इतकी वर्षं नोकरी करूनही इतका सुंदर पेच मी पाहिला नव्हता. परत येताना बसमध्ये शेषराव खिडकीबाहेर बघत होता आणि मी नखं खात होतो. आणि केव्हातरी मध्येच मला खिळा आठवला.

"शेषराव," मी ओरडलोच असेन, कारण कंडक्टरनं वळून पाहिलं, "पुरावा पेटीत आहे."

पुढचे तीन दिवस आयुष्यात विसरणार नाही. अर्जाची मुदत संपायला आठवडा होता. मंदा, पूनम आणि मी घरोघर. मंदा पुढं होऊन बोलायची, पूनम मोबाइलनं फोटो काढायची, आणि मी नुसता पेचकस धरून उभा राहायचो, कारण उघडायचं काम माझ्यावर सोपवू नये यावर दोघींचं एकमत होतं. लोकांनी धान्याच्या कोठ्या सरकवून बोर्ड मोकळे केले. बाया मला ओढून न्यायच्या, "इकडे या, आमच्याईकडे पाच हाय." एका घरात सर्वांत जुनी ओळ सापडली, पेन्सिल विटून राखाडी झालेली, तिथं अख्खं कुटुंब मान वर करून उभं राहिलं. "माह्या पोरीचं लगन झालं त्या सालचं हाय," घरातली म्हातारी म्हणाली. केनवडला शेषरावाच्या ओळखीचं एक भाजी पिकवणारं कुटुंब होतं, त्यांनी मळ्यातल्या मोटारीच्या पेटीचं अख्खं झाकणच काढून पिशवीत घालून दिलं. "फोटो कायले? हेच दाखवा. वापस मातर आनजा." एकतीस घरं झाली. शेषराव यातल्या एकाही घरी आला नाही. गाळ्यावर बसून कुणाचातरी मिक्सर उघडून बसला होता, आणि तो मिक्सर, नंतर कळलं, चांगला चालू होता.

पुन्हा ठेकेदाराचं घर. मी फोटो दाखवले, झाकण मांडलं. ठेकेदार एकेक बघत गेला. तेवढ्यात शेषराव हळूच म्हणाला, "साहेब, जिन्याखालचा बोर्ड उघडू का?"

"आमचा?"

"तुमचाच."

उघडला. आत स्वच्छ अक्षरात ओळ होती. "साहेबांच्या घरचं पूर्ण फिटिंग केलं. पाहायला कोणी आलं नाही. – शे."

ठेकेदारानं ती वाचली. चष्मा पुसला, पुन्हा वाचली. मग खुर्चीत बसून इतका हसला की घरातून पाण्याचा गलास आणावा लागला. हसून झाल्यावर त्यानं लेटरहेड काढलं. "एक मारग हाय. मदतनीस म्हणून लिवतो. परवानेवाला तारतंत्री तो, अन तू त्याचा मदतनीस. तेबी चालते अनुभवाले. पटते का?"

मी शेषरावाकडे पाहिलं. ज्याला कधी पाहिलं नाही अशा माणसाचा मदतनीस. तोंडातला घास कडू व्हावा तसा त्याचा चेहरा झाला. त्यानं ते कोरं लेटरहेड बोटानं ठेकेदाराकडे सरकवलं.

"लिवा," तो शेवटी म्हणाला. "पण एक डाव त्याले मालेगावले घेऊन या. इतके वर्सं मदतनीस हाय त्याचा, कदी मदत नाई केली म्या. मनाले लागते."

परीक्षा अमरावतीला. मी रजा टाकून सोबत गेलो, म्हणजे आधार द्यायला, आणि रस्त्यात दोनदा मलाच उलटी झाली. शेषराव मला लिंबू देत होता. परीक्षेला आलेली सगळी पोरं त्याच्या मुलाच्या वयाची. दारावरच्या शिपायानं विचारलं, "पोरगा कोणत्या खोलीत हाय बाबा?" शेषरावानं पाइपचं टोपण उघडलं, फट्ट, आणि स्वतःचं प्रवेशपत्र काढून दिलं.

लेखी झाली. तोंडी परीक्षेत साहेबानं विचारलं, अर्थिंग म्हणजे काय? बाकीच्यांनी पुस्तकातली व्याख्या सांगितली होती. शेषराव म्हणाला, "साहेब, घरात जे बिघडते ते घरच्या माणसाच्या आंगातून जाऊ नये, मातीतून जावं, म्हणून केलेली सोय." साहेबानं मान वर करून पाहिलं आणि गुण लिहिले. किती ते दिसलं नाही. पण लिहायला वेळ लागला.

मग प्रात्यक्षिक. फळीवर बोर्ड जोडून द्यायचा. सुरुवातीलाच मोठ्यानं सूचना वाचली गेली: कामावर नाव, सही, कोणतीही खूण करायची नाही. केल्यास बाद. मी खिडकीच्या गजाला नाक लावून उभा. शेषरावाचं काम सगळ्यांच्या आधी संपलं. त्यानं शेवटचा स्क्रू आवळला, एक पाऊल मागं सरला, कामाकडे प्रेमानं पाहिलं. आणि त्याचा उजवा हात सावकाश कानाकडे गेला.

"शेषराव," मी खिडकीतून कुजबुजलो. ती कुजबुज पार्किंगपर्यंत गेली. शिपायानं मला बखोटीला धरून फाटकाबाहेर काढलं. पुढचं मला शेषरावानं बसमध्ये सांगितलं.

हातानं लिहून टाकलं होतं. त्याला कळलंसुद्धा नाही. परीक्षक आले, बोर्ड तपासला, जोडण्या ओढून पाहिल्या, मग झाकणाची आतली बाजू वळवली. तिथं तारीख. आणि खाली: "अर्थची पट्टी आधीपासून सैल होती. आवळली. – शे."

"हे काय आहे?"

शेषरावाचं पाणी पाणी झालं. "सवय हाय साहेब. तीस वर्सांची."

"सूचना ऐकली नाही?"

"ऐकली. माह्या कानानं ऐकली, हातानं नाई ऐकली."

परीक्षकांनी ती पट्टी बोटानं दाबून पाहिली. शेजारच्या चार टेबलांवर जाऊन तिथल्या पट्ट्या पाहिल्या. चारही सैल. चारही पोरांनी तशाच ठेवलेल्या. ते परत आले आणि खिशातून खोडरबर काढून शेषरावासमोर ठेवलं.

"खोडा."

शेषरावानं "शे" खोडलं. मग रबर धरून थांबला. "साहेब, नाव खोडलं. पट्टी सैल होती, येवढं राहू द्या. पुढच्याले कळलं पाह्यजे."

परीक्षकांनी ओळ पुन्हा वाचली. त्यांनी झाकण लावलं आणि पुढच्या टेबलाकडे गेले.

निकाल लागला त्या दिवशी पूनम केंद्र उघडं टाकून, समोर रांगेत उभ्या लोकांना तसंच ठेवून गाळ्याकडे पळाली. मला बातमी शाळेत कळली आणि मी हजेरीपत्रकावर शाई सांडली. शेषराव त्या वेळी कुठे होता? दुसऱ्याच्या छपरावर. पूनम खालून ओरडली, "काका, पास." तो वरून म्हणाला, "हा येवढा पाइप जोडून येतो." आणि जोडूनच खाली आला.

आता त्याच्या नावाचा पहिला रिपोर्ट आमच्या घराचा. भाडेकरू ठेवायला आम्ही वरची खोली बांधली होती, फिटिंग शेषरावानंच केलं होतं, ठेकेदाराचा शिक्का मारून कागद आला होता, फक्त चौकटीत नाव घालायचं बाकी. मंदानं पेढे आणले. मी स्वतःचं पेन दिलं, निवृत्त होणाऱ्या मुख्याध्यापकांनी भेट दिलेलं. शेषराव म्हणाला, "आदी अर्थ पाहू."

त्यानं फेज आणि अर्थमध्ये बल्ब लावला. बल्ब मिणमिणला, म्हणजे अर्थ कमजोर. अंगठीतल्या खड्यासारखा नुसता लालसर.

शेषराव अंगणात गेला आणि कोपऱ्यात थांबला. तो परीक्षेच्या धांदलीत असताना मी अंगणभर पेव्हर ब्लॉक घालून घेतले होते. फार देखणे, लाल-पिवळे. आई आदल्या वर्षी गेली होती, कोपऱ्यातला खड्डा नुसता पडून होता, मिस्त्रीनं विचारलं आणि मी म्हटलं, झाकून टाका.

"बाबूसाहेब," तो म्हणाला, "वरती खोली बांधली अन खालचं पाणी तोडलं."

"उद्या बघू ना. आज सही करून टाका, मॅडम दुपारी येताहेत."

"म्या सही केली त माहं नाव खोटं होते. आजवर त्या चौकटीत दुसऱ्याचं खोटं होतं, मले चालत होतं. आता माहं हाय."

मी पहार आणली. नवे कोरे ब्लॉक उखडताना मला काय यातना झाल्या म्हणून सांगू. शेषरावानं खड्डा मोकळा केला, माती हाताशी घेऊन चुरगाळली. भुकटी उडाली. मंदा आत गेली आणि फडताळातून आईचा तांब्याचा गडवा घेऊन आली. त्यातल्या पाण्याच्या चार खेपा झाल्या, मिठाची अख्खी पिशवी गेली. पाणी मुरेपर्यंत आम्ही तिघं खड्ड्याभोवती उकिडवे बसून होतो. मग त्यानं बल्ब पुन्हा लावला.

भर दुपारच्या उन्हातही डोळे मिचकवावे लागले, असा तो लख्ख पेटला.

शेषरावानं हात धुतले, पंच्याला पुसले, आणि चौकटीत पूर्ण नाव लिहिलं. शेषराव पुंजाजी इंगळे. त्याच्या वडिलांचं नाव मला त्या दिवशी कळलं. पेनानं लिहायची सवय नसल्यानं तो मधे मधे थांबून अक्षरांकडे पाहत होता. मॅडम आल्या, त्यांनी कागद वाचला, मान वर केली आणि विचारलं, "हे कोण?"

"मी," शेषराव म्हणाला.

त्यानंतर वर्षभरानं संस्थेनं मला इकडे कामरगावच्या शाळेत पाठवलं. सामानाचा टेम्पो भरला त्या सकाळी शेषराव आला. पाण्याचा तांब्या खड्ड्यावर ओतला, मग उरलेला स्वतः प्याला. खालच्या घरातही आता भाडेकरू येणार होते. मी त्याला हळूच आत बोलावलं, मेन बोर्ड उघडला आणि खिशातलं खोडरबर पुढं केलं.

"शेषराव, तेवढी खिळ्याची ओळ पुसा. नवी माणसं येणार. घरमालकाची काही इज्जत?"

त्यानं ओळ वाचली, जणू पहिल्यांदाच. हसू मिशीत दाबलं. "पह्यले सांगतलं असतं त पुसली असती बाबूसाहेब. आता मी परवानेवाला माणूस. रेकॉर्ड खोडता येत नाई."

आणि कानामागची पेन्सिल काढून त्यानं माझ्या खिळ्याच्या ओळीपुढं, नीट कंस करून, स्वतःचा परवाना क्रमांक लिहिला. झाकण लावलं, चारही स्क्रू आवळले. मग मोपेडला लाथ मारली. शिडी बांधलेली, पांढरा पाइप डुलत असलेला, बसस्टँडच्या वळणावर वळता वळता त्यानं मागं न पाहता हात वर केला. टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता. मी हातात खोडरबर घेऊन दारात उभा होतो.